साठच्या वळणामागचं गाव

"पण बाबा, तक्ता पाठ केला, त्यात पाप कसलं?"

शिवराम डोईफोडेने हे विचारलं तेव्हा त्याच्या गावचे फकीर करीमबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शिवराम एक्स्प्रेस गाडीचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं इंजिन चालवलं, एकदाही सिग्नल चुकला नाही. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे, आणि ते खरंही होतं. पण चोपन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला आणि त्याला इंजिनावरून उतरवलं. कचेरीतलं टेबल देत होते. "शिवराम डोईफोडे कागद चाळणार नाही," असं तो साहेबांना तोंडावर सांगून आला. आता उरली होती फेरतपासणी. पास झाला तर इंजिन, नाही तर सहा वर्षं आधीच निवृत्ती.

म्हणून त्याने तपासणीच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं पाठ केली होती.

"म्हणून दाखव," बाबा म्हणाले.

त्याने वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही.

"आता डोळे मिटून म्हण."

शिवरामने डोळे मिटले. पुन्हा तीच अक्षरं, त्याच वेगाने... चौथ्या ओळीवर त्याचा आवाज अडखळला. मग थांबलाच.

"गाडीत माणसं किती असतात?" बाबांनी विचारलं.

"दीड हजार..."

बाबांनी तांदळातला एक खडा बाहेर टाकला.

फेरतपासणीच्या दिवशी शिवराम तक्त्यासमोर बसला. अक्षरं अगदी जिभेवर होती. डॉक्टरांनी पट्टीने खालची ओळ दाखवली.

"दिसत नाही, साहेब," तो म्हणाला. "वरच्या दोन ओळींखालचं मला काही दिसत नाही."

तो मान ताठ ठेवून बाहेर आला.

दोन महिन्यांत रेल्वेचं क्वार्टर सुटलं. गावाकडच्या दोन खोल्यांत सामान मावेना. अर्धं वाटून टाकलं. डोळ्यांपायी मोटरसायकलही गेली. पहिले काही आठवडे तो रोज सकाळी रुळाशी जाऊन उभा राही आणि एक्स्प्रेस धडधडत गेली की घरी येऊन बसे.

शेवटी बायको, सरूबाई, वैतागून म्हणाली, "ती गेली की माघारी काय फिरता? दोन पावलं पुढं तरी जा की!"

त्या दिवशी तो रुळाकडेच्या पायवाटेने चालत सुटला.

संक्रांतीच्या सुमारास तो बाबांकडे आला, तो जवळजवळ पळतच. अंगभर धूळ, पंच्यात बोरं बांधलेली.

"बाबा, ते वळण आहे ना, जिथं गाडी ताशी साठच्या वर न्यायची नसते? एकतीस वर्षं मला त्याचं तेवढंच ठाऊक. त्याच्या मागं गाव आहे, बाबा! वीस-पंचवीस घरं. घरोघर हातमाग..."

त्याला धाप लागली होती, तरी तो थांबेना.

"तिथं एक म्हातारी आहे. मी ड्रायव्हर होतो म्हटल्यावर माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. म्हणाली, लांब शिट्टी देऊन शेवटी बारकी द्यायचा, तो तू का? तुझ्या शिट्टीवर चूल पेटवायचे मी. हल्ली भलताच कुणीतरी वाजवतो..."

शिवरामने पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि मोठ्यानं हसला.

"हाताला धरून जेवायला बसवलं तिनं. भाकरी आणि अंबाडीची भाजी. महिना झाला त्याला. मग सरूलाही नेऊन आणलं. ती माग शिकतेय. आता दर बुधवारी जातो आम्ही, पायी."

"आणि गाडी?" बाबांनी विचारलं.

"जाते की रोज! लई घाईत असते बिचारी."

बाबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

मग उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, वहाणा पायांत सरकवल्या. चाळीस वर्षांत त्यांना दर्गा सोडून कुठे जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

शिवराम गोंधळला. "कुठं निघालात, बाबा?"

"वळणामागं. तू पुढं हो," बाबा म्हणाले. "मी मागनं येतो."