सुरईच्या कानातला मळ

आंबेतळे नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक कुंभार राहत होता. मडकी तर पंचक्रोशीतले सगळेच कुंभार घडवत. पण म्हाळूचं मडकं घेतलं की ते गळणार नाही, अशी लोकांची खात्री होती. कारण तो प्रत्येक मडकं बोटाने वाजवून बघायचा. टणटण वाजलं तर गिऱ्हाइकाच्या हातात. बद्द वाजलं तर कितीही देखणं असो, त्याचे तुकडे उकिरड्यावर.

"वाजवल्याबिगर द्यायचं न्हाई, वाजवल्याबिगर घ्यायचं न्हाई," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याची बायको सरू हे वाक्य लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

अक्षय्यतृतीया तीन आठवड्यांवर आली. त्या सणाला घरोघरी नवी मडकी लागतात. पाण्याने भरून ती पितरांच्या नावाने द्यायची असतात, म्हणून ती गळकी चालत नाहीत. म्हाळूचं सगळं वर्ष या एका सणावर उभं असे. आणि नेमका तेव्हाच त्याचा उजवा कान बसला. दोन दिवसांनी डावाही बसला. कोणीतरी कानात कापूस कोंबावा तसं त्याला वाटू लागलं. कुठलंही मडकं वाजवलं तरी आवाज एकच, बद्द.

बरं, हे बायकोला सांगावं की नाही? पण नाही. ज्याचा कान बारा गावांत गाजलेला, तो कान चालत नाही हे सांगायचं कसं? म्हाळू गप्प बसला आणि अंदाजाने मडकी निवडू लागला. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या बनाकाकू तरातरा आल्या आणि त्यांनी आदल्या दिवशी नेलेलं मडकं अंगणात आदळलं.

"म्हाळू, रातभर पाणी गळून माझं पीठ भिजलं रे! तुझं मडकं आणि गळतंय?"

म्हाळूने मान खाली घातली. त्याला रडूच यायचं बाकी होतं. आता सरूलाही सगळं कळलं.

"तालुक्याला डॉक्टरीणबाई हायती. कान दावून या की," ती म्हणाली.

"बगू," म्हाळू म्हणाला. अवजारं घेऊन कुणी आपल्या कानात डोकावणार, याचीच त्याला धास्ती वाटत होती.

सोमवारी बाजार भरला. तिथे एक माणूस सतरंजी टाकून बसला होता. लोक त्याला कानबुवा म्हणत. त्याच्याकडे वीतभर लांबीच्या पोकळ मेणबत्त्या होत्या, मेणात बुडवलेल्या कापडाच्या. एक टोक कानात धरायचं आणि दुसरं पेटवायचं. "मेणबत्ती जळते, कानातला मळ वर ओढते!" असं तो ओरडत होता. "ना अवजार, ना दुखणं, ना दवाखाना!"

शेवटचे बोल म्हाळूला बसल्या कानांनीही ऐकू आले. तो लगेच सतरंजीवर आडवा झाला. कानबुवाने मेणबत्ती लावली. कानाशी ऊब आली, फुरफुर आवाज झाला. एक गरम थेंब पाळीवर पडला आणि म्हाळू कळवळला.

"मळ निघताना चटका बसायचाच," कानबुवा शांतपणे म्हणाला. मग त्याने उरलेलं थोटूक कापून उघडलं. आत पिवळी भुकटी आणि तपकिरी गोळा. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा, किती मळ निघाला!"

बाजारातले लोक चकित झाले. म्हाळू तर धन्य झाला. मडकं देताना दहादा वाजवणारा हा माणूस मेणबत्त्यांची जुडी मात्र न वाजवता घेऊन घरी आला. माणसाचं असंच असतं. आपल्या धंद्यात शहाणा आणि दुसऱ्याच्या धंद्यात भोळा.

आठवडाभर तो रोज भट्टीशेजारी आडवा होई. सरू नाक मुरडत मेणबत्ती धरून बसे. प्रत्येक थोटकात मळ निघे. सरू तो पळसाच्या पानावर साठवत गेली. रविवारी तिने पान नवऱ्यापुढे धरलं. त्यावर लिंबाएवढा गोळा झाला होता.

"अवो, एवढा मळ तुमच्या कानात मावला तरी कसा? ह्यो कान हाय का कणगी?"

"काय म्हंतीस?" म्हाळूने विचारलं. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"बगा! आठ दिस मळ निगतोय, आन् ऐकू तर कायबी येत न्हाई!" ती ओरडली.

"मळ डोळ्यांनी बगितलाय म्या! खोटा कसा असंल?" म्हाळू चिडून म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी भट्टीतून काढलेली एक कोरी सुरई सरूने काखेत मारली आणि नवऱ्याला घेऊन बाजार गाठला. कानबुवा तिथेच होता. सरूने सुरई उलटी करून सगळ्यांना दाखवली. आत धुळीचा कणही नव्हता.

"बुवा, आमच्या धन्याचा कान ऱ्हाऊ द्या. आज हिचा कान साफ करा," ती म्हणाली.

माणसं हसली. कानबुवाही हसला. "अहो ताई, सुरईला कुठला मळ?"

"मग निगनारच न्हाई. भ्यायचं कशाला?"

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. कानबुवाने सुरईच्या अरुंद तोंडात मेणबत्ती बसवली आणि भोवती ओली माती लिंपली. मेणबत्ती जळू लागली. तीच ऊब, तीच फुरफुर. सगळे माना पुढे काढून बघत होते. शेवटी कानबुवाने थोटूक कापून उघडलं.

आत पिवळी भुकटी होती. तपकिरी गोळा होता. म्हाळूच्या कानातून निघाला होता तेवढाच, तसाच.

"अगं बया!" गर्दीतून बनाकाकू ओरडल्या. "सुरईचापण कान तुंबला होता की!"

बाजार खदखदून हसला. कानबुवाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. तो त्या गोळ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "मला गुरूने असंच शिकवलं होतं. कानाबिगर लावून कधी बघितलीच नाही मी."

म्हाळू मात्र हसला नाही. त्याने ती सुरई उचलली आणि स्वतःच्या हाताने दगडावर फोडली. खापरी उलटून पाहिली. तळाशी मेणाचे चार थेंब घट्ट चिकटले होते. मेणबत्तीने आतलं काही बाहेर काढलं नव्हतं. स्वतःचंच मेण आत सांडलं होतं. म्हाळूचा हात आपोआप कानाकडे गेला. 

"चल," तो सरूला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता तालुक्याला."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून कानात पाहिलं. जुना मळ होता तिथेच होता आणि उजव्या कानात त्याच्यावर मेणबत्तीचं मेण जाऊन बसलं होतं. आतल्या कातडीला जरासा चटकाही लागला होता.

"पडद्यावर पडलं असतं तर जन्माचं दुखणं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मेणबत्ती मळ ओढत नाही, मामा. ती फक्त जळते. थोटकात उरतो तो गोळा तिच्याच मेणाचा."

त्यांनी हलक्या हाताने ते मेण काढलं आणि चटक्यावर औषध लावलं. मग दोन्ही कान पुन्हा नीट पाहून मळ मऊ करायला चार दिवस घालायचे थेंब दिले आणि शनिवारी परत बोलावलं. ते चार दिवस मडकी वाजवायचं काम सरूने केलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिचाही कान तयार झाला होता, हे म्हाळूच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. शनिवारी बाईंनी मऊ झालेला मळ काढला. दुखलं नाही. म्हाळू बाहेर आला तेव्हा आवारात चिमण्यांचा एवढा कालवा चालला होता की तो दचकलाच.

"ऐकू येतंय का?" सरूने नेहमीच्या सवयीने ओरडून विचारलं.

"हळू बोल की गं," म्हाळू म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

रविवारी अक्षय्यतृतीया. सगळ्यात आधी बनाकाकू आल्या. म्हाळूने एक मडकं उचललं, कानाशी नेलं आणि बोटाने वाजवलं. टणण! त्याला वाटलं, असा गोड आवाज आपण जन्मात ऐकला नाही. ते मडकं त्याने काकूंच्या हातात दिलं. गळक्याच्या बदली आणखी एक वाजवून दिलं.

पुढच्या बाजारी कानबुवा त्याच सतरंजीवर बसला होता. पण आता त्याची आरोळी बदलली होती. "वीज गेली की उजेडाला घ्या! फक्त उजेडाला!" म्हाळूने एक मेणबत्ती घेतली. आधी तिथेच पेटवून बघितली. उजेड पडतो, अशी खात्री झाली, तेव्हाच ती पिशवीत टाकली.

मेणबत्तीशी कान नेण्याबद्दल मात्र त्याने कायमचा कानाला खडा लावला.

तात्पर्य: डोळ्यांना दिसलं म्हणून ते खरंच असतं असं नाही, मडकं वाजवून घेतो तसा उपायही पारखून घ्यावा, आणि शरीराचं दुखणं जाणत्यालाच दाखवावं.