आंबट बार्बेरा

“...म्हणजे दोष वाइनचाच, असंच ना, काका?”

हुबर्ट डाबरेंनी समोरच्या बाटलीचं लेबल वाचलं. चौतीस वर्षं प्रवासी बोटींवर त्यांनी वाइन वाढली होती. आता ते वसईजवळच्या भुईगावात एकटेच राहत.

समोर बसलेला शार्दूल गुप्ते इटलीत वाइनचं शिक्षण घेऊन आला होता. पुण्यात त्याने छोटं रेस्तराँ काढलं होतं. तिथली सगळ्यात स्वस्त इटालियन रेड वाइन, बार्बेरा, लोक मागवत आणि अर्धा ग्लास टाकून उठत. यादीतून ती काढायची, असं ठरवूनच तो आला होता. काकांनी फक्त हो म्हणायचं होतं.

“चाखून दाखव,” काका म्हणाले.

शार्दूलने ग्लास फिरवला. वास घेतला. घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकला.

“चेरी... आलुबुखार... मागे जरा ओली माती. आंबटपणा जास्त. तुरटपणा जवळजवळ नाहीच.”

“बरोबर.”

“सगळं?”

“सगळं. टेबलावरही हेच सांगतोस?”

“प्रत्येक टेबलावर. आधी वाइन समजावतो. मग जेवण.”

“तोवर जेवण कुठे असतं?”

“...थांबतं.”

काका उठून स्वयंपाकघरात गेले. तांदळाची भाकरी आणि डुकराच्या मटणाचा रस्सा घेऊन आले. रश्श्यावर बोटभर तवंग होता.

शार्दूलचा हात ग्लासाकडे गेला. काकांनी ग्लास आपल्याकडे ओढून घेतला.

“खा.”

त्याने एक घास खाल्ला. मग दुसरा. मटण मऊ होतं, पण चरबीने जीभ जड झाली. तिसऱ्या घासाला तो थांबला आणि ग्लास शोधू लागला.

काकांनी ग्लास पुढे सरकवला.

या वेळी तो थुंकला नाही.

त्याने पुन्हा घास घेतला, पुन्हा घोट. पुढचा घास पहिल्यासारखाच ताजा लागला. ताट रिकामं होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

“आंबट आहे?” काकांनी विचारलं.

“...लक्षातच आलं नाही.”

वाइन यादीत राहिली.

पंधरा दिवसांनी शार्दूल पुन्हा आला. बसायच्या आधीच बोलू लागला.

“परवा चौघं आली होती. टोमॅटोतलं मटण मागवलं. मी बार्बेरा आणली, ओतली आणि बाजूला झालो. चेरी नाही, माती नाही, काहीच बोललो नाही. बाटली संपली. दुसरी मागवली. जाताना त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, आज जेवण फार छान झालं.”

“वाइनबद्दल?”

“एक अक्षर नाही.”

काका हसले.

शार्दूल मात्र हसला नाही.

“काका, दोन वर्षं परदेशात काढली. चारशे वाइन चाखल्या. रात्री झोपेत नावं घोकली. आणि लोक खूश झाले, ते मी गप्प बसलो तेव्हा... मग शिकलो ते सगळं वायाच गेलं म्हणायचं?”

काकांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

“त्या मटणासाठी ती बाटली कोणी निवडली?”