टाकीवरचे जुने साहेब

पक्ष बदलला त्याच दुपारी बापूसाहेब मोटारसायकल घेऊन अनुसयाच्या स्टिकरच्या टपरीवर धडकले. "टाकीवरचा जुन्या साहेबांचा फोटो काढ. खूण राहिली तर टपरी उठवीन!"

अनुसयाने गरम हवा देऊन स्टिकर अलगद सोलला, रॉकेलच्या बोळ्याने चिकटा पुसला. तरी फिकट टाकीवर साहेबांचा आकार लालभडक उठून दिसू लागला! बापूसाहेब कडाडले.

अनुसयाने सीट उचलली. खाली झाकलेली टाकीची कडही तशीच लालभडक होती. "बापूसाहेब, मूळ रंग हाच. बाकीची टाकी दहा वर्षांच्या उन्हानं विटलीय. आता नवे साहेब लावा, पण ते लवकर बदला. उन्हाला खूण पाडायला सवडच मिळणार नाही."

बापूसाहेबांनाच आधी हसू फुटलं, तेव्हा कुठे अनुसयाचा जीव भांड्यात पडला.