एकटीचं दळण

"मग माझं चुकतंय कुठं, आक्का?"

कुमुदबाईंनी हे विचारलं तेव्हा तुळसाक्का सुपातली ज्वारी निवडत होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

वारणेच्या काठी, गावाबाहेरच्या माळावर हा मठ. आक्का तरुणपणी इथं आली ती परत गेलीच नाही. तिचे गुरू गेले, गुरुबंधू गेले, आणि आता सत्तरी उलटलेली ही किडकिडीत बाईच मठाची गुरू होती. तिचं प्रवचन नाही, उपदेश नाही. लोक प्रश्न घेऊन येत आणि कधीकधी आणलेला प्रश्न तिथंच विसरून जात.

कुमुदबाई मात्र विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. बाईंच्या शाळेत कावळासुद्धा विचारून ओरडतो, असं शिक्षक पाठीमागं म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ओसरीच्या खांबाला टेकून त्यांचे यजमान बसले होते, आनंदराव. हळदीच्या पेठेत सौदे पुकारणारा हा माणूस. त्यांनी बोली चढवायला सुरुवात केली की पलीकडच्या हॉटेलात चहा पिणारा व्यापारी अर्धा कप टाकून पळत यायचा. गेल्या वर्षी साधा ताप म्हणता म्हणता मेंदूला सूज आली. कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरही "बघू" म्हणायला लागले होते. कुमुदबाईंनी जिवाचं रान केलं, दवाखान्याच्या बाकावरनं त्या हलल्या नाहीत, आणि आनंदराव परत आले. पण उजवा हात आणि बहुतेक शब्द मागंच राहिले.

"घरी आणल्यापासून मी एक दिवस वाया जाऊ दिला नाही," कुमुदबाई सांगत होत्या. "सकाळी हाताचा व्यायाम. मग चित्रं दाखवून शब्द. ताट, खिडकी, छत्री. अडले की मी लगेच सांगते. घास मी भरवते, बटणं मी लावते. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. दिवाळीपर्यंत चांगले शब्द येत होते. आणि आता..."

"आता?"

"आता तोंडच उघडत नाहीत. चित्र दाखवलं की भिंतीकडं वळतात. घास पुढं केला की ओठ मिटतात. डॉक्टर म्हणतात, यांच्यात अजून ताकद आहे, पुष्कळ काही परत येईल. पण यांनी स्वतः धडपड सोडली, तर जे आलंय तेही जाईल."

आक्का ज्वारी निवडत राहिली.

"मरणाच्या दारातनं ओढून आणलं हो मी यांना." कुमुदबाई पुढं सरकल्या. "आणि आता माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या घरात, हातातनं चाललेत. एखादं व्रत सांगा. उपास सांगा. मी करीन."

"उपास तर तुजा चालूच दिसतोय."

आक्का त्यांच्या बांगड्यांकडं पाहत होती. हात उचलला की बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. वर्षभरात सगळ्यांनी आनंदरावांची तब्येत विचारली होती, या बांगड्या कुणी पाहिल्या नव्हत्या. कुमुदबाईंना एकदम भरून आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला.

"तू नसतीस तर ह्यो मानूस नसता," आक्का म्हणाली. "त्यात खोट न्हाई."

मग ती आनंदरावांकडं वळली.

"दादा, वाटंत ऊन लागलं का?"

आनंदरावांचे ओठ हलले...

"नाही, रिक्षानं आलो आम्ही," कुमुदबाई म्हणाल्या.

"पानी देऊ?"

आनंदरावांनी हनुवटी वर केली. घशात काहीतरी जमू लागलं...

"त्यांना कोमट लागतं."

"बरं. नाव काय म्हनायचं तुमचं?"

"आनंदराव," कुमुदबाई म्हणाल्या.

आक्का गालातल्या गालात हसली. "आन् तुजं?"

"कुमुद. पण तुम्हाला ठाऊक आहे की."

"म्हटलं, तुजं तरी ते सांगतील."

थट्टा असेल म्हणून कुमुदबाईंनी ते सोडून दिलं. आनंदरावांनी मात्र मान वर करून आक्काकडं एकदा नीट पाहिलं. मग पुन्हा खाली पाहू लागले.

आक्का सूप घेऊन उठली. "चल. बस जात्याला."

मठाचा एक जुना रिवाज होता. गावात गिरणी होती, दारात पीठ आणून देणारी माणसंही होती, पण मठाची भाकरी जात्यावरच्याच पिठाची. आणि ते जातं एकट्यानं ओढायचं नाही. खुंट्याला समोरासमोर दोघं बसलीच पाहिजेत. दुसरं कुणी मिळालं नाही तर त्या दिवशी मठात शेंगा खाऊन पाणी पीत. आक्काच्या गुरूंनी हा नियम का घातला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आक्कानंही विचारलं नाही.

आक्का एका अंगाला बसली, कुमुदबाई दुसऱ्या अंगाला. दोघींचे हात एका खुंट्यावर. आक्का डाव्या हातानं मूठ मूठ ज्वारी जात्यात सोडू लागली.

कुमुदबाईंनी लहानपणी आजोळी दळलं होतं. हात विसरला नव्हता. चार फेरे अडखळत झाले आणि मग जातं घरघरू लागलं. पांढरंशुभ्र पीठ कडेनं झरू लागलं. फार दिवसांनी काहीतरी आपल्या मनासारखं होतंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी कंबर आवळून जोर लावला, हातही चालू आणि तोंडही.

"माझी नणंद म्हणाली, नर्स ठेव. मी म्हटलं, का म्हणून? परकी बाई यांच्या तोंडाकडं बघून ओळखेल का काय हवंय ते? मी ओळखते. यांनी नुसती भुवई उचलली तरी मला कळतं. बोलायची गरजच पडू देत नाही मी. शाळा सांभाळून हे सगळं. सकाळपासून माझ्या पायाला भिंगरी असते, आक्का. पण केलं. एकटीनं केलं..."

आक्का हूं हूं करत होती. ज्वारी पडत होती.

सुपातला दाणा संपला तेव्हा कुमुदबाई थांबल्या. कपाळ घामानं निथळत होतं. जात्याभोवती पिठाचं सुरेख कडं पडलं होतं. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं त्यांनी समोर पाहिलं.

आक्काचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तुम्ही हात कधी काढलात?"

"मगाशीच."

"कधी?"

"नंदंचं बोलत हुतीस तवा."

कुमुदबाईंनी आपल्या एकट्या हाताकडं पाहिलं. "मला कळलंच नाही... दमलात का?"

"न्हाई. हात खुंट्याला हुता. दळत न्हवता."

आक्कानं पीठ भरून घेतलं, कणही सांडू दिला नाही. मग बाहेर गेली आणि गोठ्यातल्या गाईपुढं सगळं पीठ ओतलं.

कुमुदबाई दारातनं पाहत राहिल्या. त्यांची कानशिलं तापली. शाळेत असं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला उभा जाळला असता.

"आक्का, पीठ चांगलं बारीक होतं."

"लई बारीक हाय."

"मग?"

"एकटीचं दळान मठात चालत न्हाई."

गाय पीठ चाटत होती. तिची काही तक्रार नव्हती.

आक्का आत आली. सुपात आणखी थोडी ज्वारी घेतली आणि ओसरीवर जाऊन आनंदरावांपुढं उभी राहिली. जात्याकडं नुसती मान केली.

"अहो, त्यांना नाही जमायचं," कुमुदबाई लगबगीनं पुढं झाल्या. "उजव्या हाताची बोटंच मिटत नाहीत. पडतील. उगाच मनाला लागेल त्यांच्या."

आनंदराव उठले. खांब धरून, भिंत धरून, एक पाय जरा ओढत ते जात्यापाशी आले. बसताना तोल गेला. कुमुदबाईंचा हात पुढं झाला आणि आक्कानं तो मनगटाशी धरून ठेवला. आनंदराव कसेबसे, पण आपले आपण बसले.

"बस समोर," आक्का कुमुदबाईंना म्हणाली.

त्या बसल्या.

आनंदरावांनी उजवा हात उचलून खुंट्यावर ठेवला. बोटं लाकडावर तशीच पसरून राहिली. कुमुदबाईंना राहवेना, ती बोटं मिटवायला त्या वाकल्या. आक्का खाकरली. त्या मागं झाल्या.

आनंदरावांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं एक एक बोट मिटवलं. वेळ लागला.

आक्कानं मूठभर ज्वारी जात्यात सोडली.

कुमुदबाईंनी खुंटा ओढला. सवयीनं, सांभाळून, पण ओढलाच. जातं गर्रकन फिरलं आणि आनंदरावांचा हात खुंट्यावरनं निसटून फरशीवर पडला. ते त्या हाताकडं पाहत राहिले. मग त्यांनी ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

अगदी घरी वळवत तसं.

हे वळणं कुमुदबाईंनी महिनाभर रोज पाहिलं होतं. त्याच्या आधी काय घडतं, ते आज पाहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त या माणसाची दया आली. त्या रडू लागल्या. आवरायचा प्रयत्नही केला नाही.

आक्कानं रडू दिलं. मग खुंट्यावर बोट ठेवून म्हणाली, "अर्धा फेरा तुजा. इथपतोर. फुडचा त्यांचा."

"आणि त्यांना ओढता नाही आला तर?"

आक्कानं आणखी मूठभर ज्वारी जात्यात सोडली.

कुमुदबाईंनी डोळे पुसले. त्या नवऱ्याकडं पाहत म्हणाल्या, "अहो... पुन्हा एकदा बसवता का हात?"

हे त्यांनी सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. आनंदरावांनी मान वळवली. जरा वेळ बायकोचा रडका चेहरा पाहिला. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला, खुंट्यावर ठेवला, पुन्हा एक एक बोट मिटवलं.

कुमुदबाईंनी आपला अर्धा फेरा ओढला आणि थांबल्या.

खुंटा आनंदरावांच्या बाजूला उभा राहिला.

...

काहीच झालं नाही. बाहेर गाय रवंथ करत होती. कुमुदबाईंचा हात खुंट्यावर होता आणि त्या हातातली प्रत्येक शीर म्हणत होती, ढकल. एवढासा धक्का द्यायचा, त्यांना कळणारही नाही. आपण एवढं केलं, त्यात एवढंसं काय. आनंदरावांचा खांदा थरथरला. कपाळावर घाम आला. बाईंना ते बघवेना. त्यांची बोटं खुंट्यावर आवळली...

"थां..."

कुमुदबाई दचकल्या.

आनंदरावांनी घसा ओला केला. मान थोडी पुढं आली, सौदा पुकारताना यायची तशी.

"थांब."

त्यांच्या तोंडून कित्येक आठवड्यांत शब्द उमटला नव्हता. हा तर चित्रातला नव्हता, पढवलेला नव्हता, कुमुदबाईंनी तो कधी शिकवलाच नव्हता. तो आनंदरावांचा स्वतःचा होता, आणि बायकोला उद्देशून होता.

कुमुदबाई थांबल्या. आवळलेली बोटं त्यांनी सैल सोडली.

आनंदरावांचा खांदा मागं गेला. जात्याची तळी कुरकुरली. खुंटा बोटभर सरकला, अडला, पुन्हा सरकला. आणि रडतखडत, अडत अडत, आनंदरावांच्या बाजूनं फिरून कुमुदबाईंच्या पुढ्यात आला.

जात्याच्या कडेला चिमूटभर भरड पडली. तिला पीठ म्हणणं धाडसाचं झालं असतं. अर्धे दाणे नुसते दुभंगले होते, काही तर सगळेच्या सगळे बाहेर आले होते.

आनंदराव धापा टाकत होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग खुंट्याकडं पाहिलं. आता पाळी कुणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कुमुदबाईंनी आपला अर्धा फेरा ओढला. थांबल्या.

एवढ्यात आतनं म्हातारा गोसावी डोकावला. मठातली चूल त्याच्याकडं असायची.

"आक्का, तवा तापलाय. पीठ झालं का?"

कुमुदबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. सुपात ज्वारी तशीच होती. मठात जेवायला पाच-सात माणसं, आणि समोर ही चिमूटभर भरड.

"आक्का," त्या हळूच म्हणाल्या, "या गतीनं तर हे दुपार टळली तरी व्हायचं नाही."

आक्कानं मुठीत ज्वारी घेतली. खुंटा अजून आनंदरावांच्या बाजूला उभा होता, त्यांचा खांदा थरथरत होता. ती गोसाव्याकडं न बघताच म्हणाली,

"तवा उतरव, बाबा. आज मठ उशिरा जेवंल."