भंगारातलं ग्राफिक्स कार्ड

पैसे साठवून शलाकाने गेमिंग कॉम्प्युटर स्वतःच जोडला, पण पडदा काळाच राहिला. पडद्यासकट सगळं उचलून तिने हावळशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. शेठनी वाकून कॉम्प्युटरची मागची बाजू पाहिली.

"ग्राफिक्स कार्ड जळलं, पोरी. हे भंगार इथंच टाक, नवं घे."

नव्यासाठी पैसे कुठले? शलाकाने कार्ड उपसलं आणि त्यावर स्क्रू ड्रायव्हर रोखला. "भंगारच ना काका? मग फोडून आत काय असतं ते बघते."

"अगं थांब, चांगलं कार्ड आहे!" शेठ ओरडले.

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "मग पडदा काळा का?" शलाकाने विचारलं.

"पडद्याची केबल कार्डाला लावायची, तू मदरबोर्डला लावलीस," शेठ पुटपुटले.

शलाकाने कार्ड बसवून केबल बदलली. पडदा उजळला आणि तिचा जीव भांड्यात पडला.