माहुताचा घसा

एका संस्थानात एक माहूत होता. हत्ती सांभाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलण्यात तर मुळीच नाही.

वय झालं तसं त्याने जावयाला हाताशी घेतलं. राजेसाहेबांनी बजावलं, "दसऱ्याची मिरवणूक जावयाने नीट पार पाडली तर तुझी जागा त्याची. नाहीतर परगावचा माहूत आणू."

मग काय विचारता! चिमणी नावाच्या थोरल्या हत्तिणीच्या मानेवर जावई बसे आणि सासरा खालून ओरडे. "जावईबापू, अंगठा दाबा! अहो, कानामागे! राहू द्या, मीच सांगतो तिला." आणि सांगेही. चिमणी ऐके सासऱ्याचं, घाम फुटे जावयाला. संध्याकाळी माहूत बायकोपुढे मिशीला पीळ देई, "कसा तयार करतोय बघ!"

दसऱ्याच्या सकाळी व्हायचं तेच झालं. ओरडून ओरडून माहुताचा घसा बसला.

मिरवणूक निघाली. अंबारीत राजेसाहेब, मानेवर जावई, खाली गप्प माहूत. भर पेठेत उसाची गाडी दिसली आणि चिमणी तिथेच थांबून ऊस खाऊ लागली. दरडावणारा ओळखीचा आवाज येईना, मग तिला कसली घाई? ऊसवाल्याने बोंब ठोकली. राजेसाहेबांच्या भुवया चढल्या. जावयाने सवयीने खाली पाहिलं.

माहूत चिमणीच्या पायाशी धावला. आपण वर चढावं, तर जावई सगळ्यांदेखत नापास आणि जागा गेली. शेवटी फाटक्या आवाजात त्याने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, जावईबापू?"

जावई गडबडला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"थांबा मामा, बघतो करून."

त्याने अंगठा दाबला. चिमणी मागे सरकली. राजेसाहेबांचा फेटा डोळ्यांवर आला. माहुताचे हात शिवशिवले, जीभ वळवळली. त्याने उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं आणि डोळे घट्ट मिटले. तेवढ्यात जावयाने पुन्हा दाबलं, जरा वर, आणि मायेने डोकं थोपटलं. चिमणीने एक ऊस सोंडेत घेतला आणि डुलत चालू लागली.

मिरवणूक संपल्यावर राजेसाहेबांनी विचारलं, "हे कधी शिकलास रे?"

जावई भोळा. "मघाशीच, महाराज. मामांचा घसा बसल्यावर."

राजेसाहेब पोट धरून हसले. "जागा तुझी! आणि माहूतबुवा, घसा अगदी सावकाश बरा होऊ द्या."

तात्पर्य इतकंच: शिकणारा चुकत असताना उपरणं तोंडात धरून उभं राहता आलं, की समजावं, आता आपल्याला शिकवता येऊ लागलं.