वेशीतला विसावा

"मग बाबा, आणता ना उद्या त्या सोनबाला मनोमिलनाला?"

सरपंच जयसिंगराव ओट्यावर टेकायच्या आधीच विचारून मोकळे झाले. अंगात कडक इस्त्रीचे कपडे, ओट्यावर बोटभर धूळ. बसावं की उभंच राहावं, ते त्यांना ठरेना.

खैरूबाबा शेळीला पाला घालत होते. बाबा फकीर. गाव आणि वस्ती यांच्या मधल्या ओढ्याकाठी त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचा मठ, होता. दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे येत. फक्त एका वेळी येत नसत.

मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडून बाबांच्या पायाशी येऊन राहिलो होतो. बाबा मला 'मास्तर' म्हणत. त्यात कौतुक फारसं नसे.

"मनोमिलन म्हणजे काय करणार?" बाबांनी विचारलं.

"वेशीत मांडव घातलाय, बाबा. दोन्हीकडची माणसं बसणार. सोनबाला शाल आणि नारळ. मी भाषण करणार, मग त्याला पेढा भरवणार. पेपरवाले पण येताहेत."

"बरं."

"पण तो येत नाही. माणसावर माणूस धाडला. नुसता बघत बसतो म्हणे. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

बाबांनी शेळीच्या पाठीवर हात फिरवला.

काय घडलं होतं, ते सांगायला हवं. पुराच्या साली वस्तीचा मसणवटा पाण्याखाली गेला, आणि त्यातच सोनबाची बायको सुगंधा वारली. वस्तीतली माणसं तिला घेऊन गावच्या स्मशानाकडे निघाली. वेशीत गाव आडवं आलं. आमच्या स्मशानात तुमचं माणूस जळायचं नाही, म्हणाले. दिवसभर ती बाई भर पावसात वेशीत पडून राहिली. शेवटी सोनबानं तिला माघारी नेली आणि स्वतःच्या छपराची लाकडं काढून परड्यात जाळली.

आणि ही सुगंधा कोण? तर गावाची सुईण! आडव्या आलेल्यांतल्या निम्म्यांच्या नाळा तिनंच कापलेल्या. जयसिंगरावांचीसुद्धा. मला तर आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हापासून वस्ती गावाशी बोलत नव्हती.

"तू होतास ना रे त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"होतो. पण मी अडवलं नाही, बाबा. आईशपथ. मी नुसता पुढं उभा होतो."

"आणि तुझ्या मागं?"

"मागं सगळं गाव. ते काय माझं ऐकणार होतं?"

"वळून विचारलंस?"

जयसिंगराव धुळीचा विचार न करता मटकन ओट्यावर बसले.

"आई अंथरुणाला खिळलीय, बाबा," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. सुनेच्या हातचं घेते, गड्याच्या हातचं घेते. मी तांब्या पुढं केला की भिंतीकडे तोंड करते. सुगंधाच्या घरधन्याला उंबऱ्याच्या आत आण, मग पिईन, म्हणते. डॉक्टरांनी तर हात टेकलेत... माझ्या हातचं पाणी न घेता ती गेली, तर मी काय करू?"

खरं सांगतो, तोवर मला तो माणूस डोळ्यासमोर नको होता. त्या घटकेला मात्र मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

बाबांनी हात झटकले.

"ते बघू. आधी माझं एक काम कर. डोला हलवायचाय. मास्तरला एकट्याला झेपायचा नाही."

तकियाच्या भिंतीशी मयत न्यायचा लाकडी डोला ठेवलेला असे. पुरात बांबू कुठले मिळायला? सुगंधाला याच डोल्यावरून नेलं होतं. जयसिंगरावांना ते आठवलं असावं, कारण ते जरा थबकले. पण फकिराला नाही कसं म्हणायचं? उठले, आणि सवयीनं पुढच्या बाजूला गेले. मी मागच्या दांड्या धरल्या.

"कुठं ठेवायचा?"

"चल तर खरा."

बाबा काठी टेकत शेजारून चालू लागले. वाट वेशीकडे जात होती.

"जड आहे?" बाबांनी मध्येच विचारलं.

"रिकामा असून जड आहे, बाबा."

वेशीत मांडवाला झालर बांधणं चाललं होतं. एक जण माइकवर हॅलो हॅलो करत होता. सरपंचांच्या हातात डोला दिसला आणि त्याचं हॅलो अर्ध्यावरच राहिलं.

स्टेजच्या पायरीशी बाबांनी काठी रोवली.

"इथं टेकव."

"बाबा... इथं? स्टेजला लागून?"

"ती इथंच होती."

जयसिंगरावांनी खाली बघितलं. पायाखाली नवंकोरं लाल मॅटिंग होतं. ते बघतच राहिले. मग आम्ही डोला टेकवला.

"अर्ध्या वाटेत मयत खाली टेकवतात, त्याला काय म्हणतात रे तुमच्यात?" बाबांनी विचारलं. जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं!

"विसावा."

"आणि विसाव्याला काय करतात?"

"खांदेपालट." जयसिंगराव म्हणाले. "पुढचे मागं जातात. मागचे पुढं येतात."

"तिची राहिली."

जयसिंगराव डोल्याला वळसा घालून मागं आले. मी पुढं जायला निघालो, तर बाबांची काठी माझ्या पोटाशी आडवी.

"तू कुठं चाललास, मास्तर?"

मी मुकाट्यानं बाजूला झालो. पुढच्या दांड्या मोकळ्या राहिल्या.

जयसिंगराव त्या मोकळ्या दांड्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली. ओढ्यापलीकडे, आपल्या पत्र्याच्या घराच्या दारात सोनबा उभा होता. तो केव्हापासून बघत होता, कुणास ठाऊक.

"सोनबा..." त्यांनी हाक मारली आणि अडखळले.

आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या पिकल्या केसांच्या माणसाला 'ए सोनबा' म्हणायचं. दुसरी हाक कुणाच्या तोंडात बसलीच नव्हती.

"सोनबाकाका!"

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. माइक हाताशी होता, पण जयसिंगरावांनी तो घेतला नाही.

"काका, मी पुढं उभा होतो. मागं वळून बघितलं नाही... माझं चुकलं. या तुम्ही. पुढं तुम्ही व्हा, मी मागं येतो."

सोनबानं ऐकलं. तो पुढं आला नाही, आणि आतही गेला नाही. तसाच उभा राहिला.

ऊन चढलं. गाव हळूहळू वेशीत गोळा झालं. कुणी कुजबुजलं, कुणी फिदीफिदी हसलं. कुणीतरी खुर्ची आणली. जयसिंगराव बसले नाहीत. कुणीतरी छत्री धरली. त्यांनी ती बाजूला सारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी दांडीवरचा हात काढला नाही.

सोनबा दारातच होता.

"येत नाहीत ते, बाबा," शेवटी जयसिंगराव म्हणाले. "आणि घरी आई... किती वेळ थांबू मी?"

मांडवाची सावली हातभर अंतरावर होती. बाबा सावलीत गेले नाहीत. जयसिंगरावांच्या पायाशी, उन्हातच उकिडवे बसले.

"ती दिवस मावळेपर्यंत थांबली होती, लेका."